भिंती पडल्यानंतर : इमामुरा यांच्या 'निंगेन जोहात्सु'विषयी

माणूस नाहीसा होण्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. तो बेपत्ता होतो, परागंदा होतो, घर सोडून जातो, तोंड काळे करतो. यांतल्या प्रत्येक शब्दाला आपली अशी एक बाजू आहे. परागंदा होणाऱ्याच्या मागे कर्जाचा किंवा अब्रूचा प्रश्न असतो. तोंड काळे करणाऱ्याच्या पाठीवर मागे राहिलेल्यांचे शिव्याशाप असतात. 'बेपत्ता' हा पोलीस ठाण्याच्या नोंदवहीतला कोरडा शब्द. जपानी भाषेत मात्र गेल्या शतकाच्या साठच्या दशकात या अर्थाने एक अगदी वेगळा शब्द रूढ झाला : 'जोहात्सु', म्हणजे बाष्पीभवन. ताटलीतले पाणी उडून जावे तसा माणूस उडून जातो. कोणी नेला असे नाही, कोणी मारला असे नाही, तो गेला असेही नाही. या शब्दात कर्ताच नाही, आणि म्हणून दोषही नाही.

शोहेई इमामुरा (१९२६-२००६) यांच्या १९६७ सालच्या चित्रपटाचे नाव या शब्दावरूनच आले आहे : 'निंगेन जोहात्सु', माणसाचे बाष्पीभवन. हा चित्रपट एका बेपत्ता माणसाच्या शोधाने सुरू होतो आणि सुमारे सव्वादोन तासांनी, माणूस न सापडताच, संपतो. जागतिक चित्रपटाच्या अभ्यासात त्याची ख्याती त्याच्या शेवटाकडे येणाऱ्या कलाटणीमुळे आहे. त्या कलाटणीविषयी आणि तिच्या ख्यातीविषयी माझ्या मनात बरीच वर्षे एक तक्रार आहे. ती येथे मांडायची आहे. रहस्यपटावर लिहिताना रहस्य फोडू नये असा शिष्टाचार आहे खरा, पण या चित्रपटाबाबत तो पाळला तर लिहिण्यासारखे काहीच उरत नाही. ज्यांना तो आधी पाहायचा असेल त्यांनी येथेच थांबावे हे बरे.

इमामुरांची ओळख थोडक्यात करून देतो. डॉक्टरचा मुलगा. शोचिकु या मोठ्या कंपनीत यासुजिरो ओझु यांच्या हाताखाली साहाय्यक म्हणून उमेदवारी केली. 'टोकियो स्टोरी'च्या (१९५३) चित्रीकरणातही ते होते. ओझुंची ती संयत, चटईवर बसून पाहिलेली मध्यमवर्गीय घरे त्यांना मानवली नाहीत आणि ते निक्कात्सु कंपनीत गेले. समाजाच्या तळाशी काय चालते, माणसाच्या कमरेखाली काय चालते, हा त्यांच्या कुतूहलाचा विषय. पुढे कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार त्यांना दोनदा मिळाला (१९८३ आणि १९९७), पण 'निंगेन जोहात्सु' करताना ते नुकतेच कंपनीच्या छत्रातून बाहेर पडून स्वतःच्या निर्मितीसंस्थेचा संसार थाटत होते. या चित्रपटाला आर्ट थिएटर गिल्डचा हात मिळाला. १९६१ साली स्थापन झालेली ही संस्था आधी परदेशी कलात्मक चित्रपट जपानी प्रेक्षकांपुढे आणीत असे. सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' तिकडे तिनेच नेला. १९६७ पासून ती निर्मितीत उतरली, आणि त्या पर्वाच्या अगदी आरंभीच्या चित्रपटांत याची गणना होते. पैसा थोडा, तारे नाहीत, कृष्णधवल छायाचित्रण, रस्त्यावरचे आवाज. स्वतंत्र चित्रपट म्हणजे काय, याचे उदाहरण विद्यार्थ्यांना द्यायचे झाल्यास मी हेच देतो.

आता कथेकडे येऊ, जरी 'कथा' हा शब्द येथे जपूनच वापरायला हवा.

प्लास्टिकच्या वस्तूंच्या घाऊक व्यापारात असलेल्या एका कंपनीचा तिशीतला विक्रेता १९६५ साली कामानिमित्त फिरतीवर जातो आणि परत येत नाही. त्याचे लग्न ठरलेले आहे. दोन वर्षांनी त्याची वाग्दत्त वधू इमामुरांच्या चमूबरोबर त्याच्या शोधाला निघते. ही माणसे खरी आहेत. तो विक्रेता खरा, त्याचे बेपत्ता होणे खरे, ती स्त्री खरी. चित्रपटात त्यांची खरी नावे आहेत. मी ती येथे मुद्दाम देत नाही, आणि त्याचे कारण लेखाच्या ओघात स्पष्ट होईल अशी आशा आहे. या खऱ्या माणसांत एकच व्यावसायिक नट आहे : शिगेरु त्सुयुगुची. इमामुरांच्याच १९६४ सालच्या एका चित्रपटात त्यांनी घरफोड्याची भूमिका केली होती. येथे ते प्रश्न विचारणाऱ्याच्या, म्हणजे जवळजवळ गुप्तहेराच्या भूमिकेत आहेत. पुढे दूरचित्रवाणीवरील एका दीर्घकाळ चाललेल्या पोलीसमालिकेत चौकशी करणारा अधिकारी म्हणून जपानच्या घराघरांत ते पोचले, हा नियतीचा विनोद म्हणावा.

पहिला तासभर चित्रपट रहस्यकथेच्या पायवाटेने चालतो. बेपत्ता माणसाचे वरिष्ठ, सहकारी, गिऱ्हाइके, नातलग यांच्याकडे नट आणि ती स्त्री जातात. प्रत्येक जण त्या माणसाबद्दल काही सांगतो, आणि प्रत्येकाचा माणूस वेगळा. कोणाला तो मवाळ वाटला, कोणाला दारूबाज. त्याने कंपनीच्या पैशांत अफरातफर केली होती, ती उघडकीस आली होती आणि सांभाळूनही घेतली गेली होती. दुसऱ्या एका मुलीचाही संबंध निघतो. हा सगळा भाग मला उत्तरोत्तर अधिक आवडत गेला आहे. ऑलिंपिक होऊन गेलेला, कारखान्यांच्या आणि आगगाड्यांच्या वेगाने पुढे धावणारा जपान त्यात कोठेही मुद्दाम 'दाखवलेला' नाही, पण प्रत्येक चौकटीत आहे : घाऊक दुकानांतले खोके, फिरतीवरच्या विक्रेत्यांची स्वस्त निवासस्थाने, खेड्यातले घर सोडून शहरात आलेल्या आणि दोन्हीकडचा नसलेल्या तरुणांची जीभ चाचपडत बोलण्याची रीत. अशा समाजात एखादा माणूस गळून पडला तर त्याच्या जागी दुसरा नमुन्याची पेटी घेऊन उभा राहतो, एवढेच. कोबो आबे यांची 'जळालेला नकाशा' ही कादंबरी याच वर्षी आली. तिच्यात बेपत्ता नवऱ्याला शोधणारा गुप्तहेर स्वतःच हरवत जातो. त्याआधी 'वाळूतील स्त्री'मध्ये (१९६२) त्यांनी वाळूच्या खड्ड्यात राहून गेलेल्या शिक्षकाला शेवटी न्यायालयाच्या कागदावर 'बेपत्ता' ठरवले होते. हवेत हा विषय होता.

मग हळूहळू, प्रेक्षकाच्या नकळत, शोधाची दिशा बदलते. बेपत्ता माणूस मागे पडतो आणि त्याला शोधणारी स्त्री पुढे येते. कॅमेरा तिच्याकडे पाहू लागतो. चित्रपटाच्या चमूच्या बैठका आपल्याला दिसतात. त्यांत ही मंडळी तिच्याबद्दल बोलतात, तिचा स्वभाव तपासतात. आपसांत त्यांनी तिला टोपणनाव ठेवले आहे, 'नेझुमी', म्हणजे उंदीर. आणि ती स्त्री? तिला आता आपल्या नियोजित वराच्या शोधात पूर्वीसारखा रस उरलेला नाही. तिचे मन तिला साथ देणाऱ्या नटावर बसले आहे. हे ती त्याच्याजवळ बोलून दाखवते, आणि ते बोलणे लपवलेल्या कॅमेऱ्याने टिपलेले आहे.

याच सुमारास तिच्या थोरल्या बहिणीचा प्रवेश होतो. या दोघी बहिणींत जुने वैर आहे. थोरलीचे पूर्वायुष्य धाकटीला लाजिरवाणे वाटते. अंगात येणाऱ्या एका बाईकडे कौल लावला जातो आणि त्या वाणीतून संशय थोरलीच्या दिशेने सरकतो : तिचे त्या माणसाशी संबंध होते, आणि त्याच्या नाहीसे होण्यातही कदाचित तिचा हात असावा. पाठोपाठ एक मासे विकणारा भेटतो. त्याने थोरलीला त्या बेपत्ता माणसाबरोबर गल्लीतून जाताना पाहिले आहे, असे तो ठामपणे सांगतो. थोरली तितक्याच ठामपणे नाकारते. रहस्यपटाचा प्रेक्षक इथे पुढे सरसावून बसतो. आरोपी सापडला, साक्षीदार सापडला, आता उलगडा.

दोघी बहिणी एका चहागृहाच्या खोलीत समोरासमोर बसलेल्या आहेत. नट आहे, दिग्दर्शकही आहे. धाकटी विचारते, थोरली नाकारते. वाद चिघळतो. बराच वेळ तेच ते शब्द, तोच तो नकार. आणि मग इमामुरा आवाज देतात : भिंती काढा. कामगार येतात आणि खोलीच्या भिंती उचलून नेतात. वर छप्पर नाही, दिव्यांच्या रांगा आहेत. बाहेर रस्ता नाही, स्टुडिओचे अंधारे, उंच पोट आहे. ज्याला आपण चहागृह समजत होतो ते नेपथ्य होते. त्या उघड्या मैदानात, चटईच्या त्या तुकड्यावर, दोघी बहिणी तशाच बसलेल्या आहेत.

हे दृश्य मी प्रथम पाहिले तेव्हा अक्षरशः अंगावर काटा आला होता. आजही ते पाहताना त्याचा जोर ओसरलेला जाणवत नाही. रहस्यकथेतल्या नेहमीच्या कलाटणीशी त्याची तुलना केली म्हणजे त्याचे वेगळेपण ध्यानात येते. अगाथा ख्रिस्ती यांच्या १९२६ सालच्या 'द मर्डर ऑफ रॉजर अॅक्रॉइड' या कादंबरीत शेवटी जे कळते त्याने मागचे सारे नव्याने रचले जाते. पण रचले जाते, हे महत्त्वाचे. वाचक पुन्हा पहिल्या पानाकडे जातो आणि प्रत्येक वाक्याला नवा, अधिक पक्का अर्थ मिळालेला पाहतो. नेहमीची कलाटणी आपल्याला काही तरी देते. इमामुरांची कलाटणी देत काहीच नाही, फक्त काढून घेते. पायाखालची जमीन जाते आणि तिच्या बदल्यात दुसरी जमीन मिळत नाही.

शिवाय ती फसवणूकही नाही. चित्रपट दुसऱ्यांदा पाहावा म्हणजे कळते की खुणा सर्वत्र पेरलेल्या होत्या. काही माणसांच्या डोळ्यांवर काळ्या पट्ट्या आहेत आणि काहींच्या नाहीत, कोणी ठरवले? आवाज आणि ओठ अनेकदा जुळत नाहीत. जेथे कॅमेरा असणे शक्य नाही अशा जागी तो आहे. चमूच्या त्या बैठका तर उघडच सांगत होत्या की ही माणसे शोध घेत नसून शोध रचत आहेत. आपण ते पाहिले आणि तरीही विश्वास ठेवला, कारण कृष्णधवल, हलत्या, दाणेदार चित्राला 'खरे' मानण्याची सवय आपल्याला लागलेली होती. रचनेच्या दृष्टीने या चित्रपटाला नावे ठेवायला जागा नाही, हे आधी मोकळेपणाने मान्य करतो.

माझी तक्रार रचनेची नाहीच. ती या दृश्याच्या भोवती जमलेल्या भाष्याची आहे, आणि काही प्रमाणात खुद्द दिग्दर्शकाची.

'निंगेन जोहात्सु'वर जे लिहिले-बोलले जाते त्याचा सूर बहुतेक एकच असतो : सत्य आणि कल्पित यांतली सीमा पुसट आहे, कॅमेरा सत्य टिपत नाही तर घडवतो, सत्य सापेक्ष असते. आपल्याकडच्या वर्गांतून या वाक्याची इतकी उजळणी होते की विद्यार्थी परीक्षेत ते 'राशोमोन'च्या नावावर झोपेतही लिहून टाकतील. अकिरा कुरोसावा यांचा 'राशोमोन' (१९५०) हा थोर चित्रपट आहे, व्हेनिसचा सुवर्णसिंह त्याला मिळाला, हे सारे ठीक. पण रानात मेलेला तो सामुराई, त्याची पत्नी आणि तो दरोडेखोर ही अकुतागावांच्या कथेतली माणसे आहेत. त्यांच्या चार जबान्या एकमेकींशी जुळल्या नाहीत म्हणून कोणाच्या दारावर शेजाऱ्यांनी थुंकण्याचा प्रश्न येत नाही. 'राशोमोन'मध्ये जी तत्त्वचर्चा आहे ती इमामुरांच्या चित्रपटात शिरते तेव्हा तिचा अर्थ बदलतो, कारण येथे आरोप झालेली स्त्री जिवंत आहे.

जरा सोप्या शब्दांत पाहू. थोरली बहीण त्या माणसाबरोबर त्या गल्लीतून चालत गेली होती की नव्हती? हा प्रश्न सत्याच्या स्वरूपाविषयीचा नाही. तो साध्या वस्तुस्थितीचा आहे. एक तर ती गेली होती, किंवा नव्हती. मासेवाल्याची चूक झाली असेल, तो खोटे बोलत असेल, किंवा ती खोटे बोलत असेल. शोधून सापडणार नाही अशी ही गोष्ट असू शकेल, पण जी सापडत नाही ती अस्तित्वातच नसते असे काही नाही. इमामुरांनी हा प्रश्न स्वतः उभा केला. तासभर त्याला खतपाणी घातले, कौल लावला, साक्षीदार पुढे आणला. आणि उत्तर द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी भिंती काढल्या. भिंती काढल्यावर प्रश्न सुटत नाही. तो फक्त विचारणाऱ्याच्या खांद्यावरून उतरतो आणि आरोपीच्या खांद्यावर तसाच राहतो.

येथे मला आपल्याकडील एक नाटक आठवल्याशिवाय राहत नाही. त्याच वर्षी, १९६७च्या डिसेंबरात, मुंबईत विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' रंगभूमीवर आले. अरविंद देशपांडे यांचे दिग्दर्शन, आणि लीला बेणारेच्या भूमिकेत सुलभा देशपांडे. या दोन कृतींचा एकमेकींशी काही संबंध नाही. तसा तो जोडण्याचा खटाटोप करू नये. पण शेजारी ठेवल्या तर त्या एकमेकींवर प्रकाश टाकतात. तेंडुलकरांकडे हौशी नटमंडळी वेळ घालवण्यासाठी खोट्या खटल्याचा खेळ मांडतात आणि पाहता पाहता तो खेळ एका स्त्रीच्या खऱ्या आयुष्याचा खटला होतो. इमामुरांकडे खऱ्या माणसांची खरी चौकशी चालू असते आणि अखेरीस ती खेळ होती असे जाहीर होते. दिशा उलट आहेत, पण पिंजऱ्यात दोन्हीकडे स्त्रीच उभी आहे, आणि दोन्हीकडे सुटकेची वाट एकच आहे : हा तर खेळ होता. तेंडुलकरांच्या नाटकात ही वाट ती नटमंडळी घेतात. मनसोक्त लचके तोडून झाल्यावर ती 'मनाला लावून घेऊ नकोस' अशा थाटात मोकळी होतात, आणि तो मोकळेपणा किती हिंस्र आहे हे नाटककार आपल्याला दाखवतो. इमामुरांच्या चित्रपटात ती वाट दिग्दर्शक स्वतः घेतो. सुखात्मे आणि काशीकर यांच्याकडे बोट दाखवणारा तेंडुलकर या चित्रपटात कोणी नाही. ते बोट प्रेक्षकाला स्वतःच उचलावे लागते, आणि समीक्षेने ते सहसा उचललेले नाही.

या युक्तिवादावर आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. भिंती न काढता चित्रपट संपवला असता तर? तर तो एक सर्वसाधारण माहितीपट झाला असता, थोरली अपराधी आहे असे सुचवून प्रेक्षकाला घरी पाठवणारा. दिग्दर्शकाने निदान स्वतःचा हात दाखवला. तो पडद्यावर आला, आपण हे रचले आहे असे म्हणाला. रोज रात्री बातम्यांच्या वाहिन्यांवर अर्ध्या पुराव्यावर माणसांना सुळी देणाऱ्या, आणि आपल्या भिंती कधीच न काढणाऱ्या आजच्या माध्यमांपेक्षा हे शतपटीने प्रामाणिक नव्हे काय? आहे. हे मी नाकारत नाही. उलट आजच्या विद्यार्थ्यांना हा चित्रपट आवर्जून दाखवावा असे मला वाटते ते याचसाठी.

पण कबुली आणि भरपाई या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मी तुझा खिसा कापला हे सांगितल्याने पैसे परत येत नाहीत. आणि कबुली दिली कोणापुढे? चित्रपटगृहातल्या आपल्यापुढे. आपले काय गेले होते? आपल्याला तर एक उत्कृष्ट कलानुभव मिळाला. लपवलेल्या कॅमेऱ्यापुढे जिने आपले मन उघडे केले, तिच्या त्या शब्दांना पुढे असंख्य अनोळखी माणसे साक्षी झाली. भिंती पडल्या त्या स्टुडिओतल्या. तिच्या खोलीच्या भिंती त्याआधीच, तिला न विचारता, काढलेल्या होत्या.

आणि ते टोपणनाव. चित्रपटावरच्या लेखनात कित्येकदा तिचा उल्लेख सरळ त्या नावानेच होतो, जणू ते कथेतल्या पात्राचे नाव असावे. इतक्या सहजपणे एका खऱ्या स्त्रीला आपण 'उंदीर' म्हणू लागतो, याचा अर्थ भिंती काढण्याचा तो प्रसिद्ध धडा आपण काही शिकलेलो नाही. चित्रपट म्हणतो, हे कल्पित आहे. आपण लगेच विश्वास ठेवतो, आणि तिला कल्पित करून टाकतो. थोडे मागेपुढे करून पाहिले तर बाष्पीभवन येथे तिघांचे होते. विक्रेत्याचे आधीच झालेले असते. मग एक बहीण पात्र होते, दुसरी संशयित होते.

अर्थात धाकटी बहीण केवळ बळी आहे असेही म्हणता येत नाही, आणि येथे चित्रपट माझ्या तक्रारीपेक्षा अधिक गुंतागुंतीचा आहे. सुरुवातीला कॅमेऱ्यापुढे आखडून बसणारी ती हळूहळू त्याला सरावते. कोठे थांबावे, कोठे पाहावे हे तिला उमगू लागते. बहिणीसमोर प्रश्न टाकताना तिच्या आवाजात जो ठेहराव येतो तो चौकशी करणाऱ्या नटाचाच आहे. ती त्याच्याकडून शिकली. तिच्या एरवीच्या आयुष्यात तिचे इतके लक्ष देऊन ऐकणारे कोणी नव्हते, आणि येथे दोन-तीन कॅमेरे, एक देखणा नट आणि एक नामवंत दिग्दर्शक तिच्या तोंडून शब्द कधी पडेल याची वाट पाहत आहेत. अशा लक्षाची माणसाला चटक लागते. तिने आपल्या वाट्याला आलेली भूमिका घेतली, आणि ती चांगली केली. पण थोरलीने कोणतीही भूमिका मागितली नव्हती. मला तिचीच अधिक आठवण राहते : तोच तो नकार, न वाढता आवाज, आणि भिंती गेल्यावरही न हललेली बसण्याची ढब.

इमामुरांना याचा विचार शिवला नसेल असे मानणे अन्यायाचे होईल. सत्तरच्या दशकात त्यांनी कथापट बाजूला ठेवून दूरचित्रवाणीसाठी माहितीपट केले : युद्धानंतर आग्नेय आशियातच राहून गेलेल्या जपानी सैनिकांवर, आणि तरुणपणी परदेशांतल्या वेश्यागृहांत विकल्या गेलेल्या स्त्रियांवर. आपल्या कामाविषयी लिहिताना पुढे त्यांनीच प्रश्न केला आहे की, कॅमेऱ्याच्या केवळ उपस्थितीने माणसांची आयुष्ये बदलतात, तर ती बदलण्याचा अधिकार मला आहे काय? आणि १९७९ साली 'सूड माझा आहे' अशा अर्थाच्या नावाच्या चित्रपटाने ते कथापटाकडे परतले. विषय एका खऱ्या खुन्याचा होता, पण माणसे नटांची. मला हे परतणे अतिशय बोलके वाटते. ज्यांना 'सत्य आणि कल्पित यांत भेद नाही' असे सिद्ध करणारा दिग्दर्शक म्हणून आपण शिकवतो, त्यांना तो भेद चांगलाच कळलेला होता : कल्पिताच्या भिंती पाडल्याने कोणी जखमी होत नाही.

तरी त्या चित्रपटाची सावली लांबली. इमामुरांच्या हाताखाली काम केलेले काझुओ हारा यांचा 'सम्राटाचे उघडे सैन्य' या आशयाच्या नावाचा माहितीपट (१९८७) पाहावा. न्यू गिनीत युद्धाच्या अखेरीस मारल्या गेलेल्या सैनिकांचा जाब विचारत फिरणारा एक संतप्त माजी सैनिक त्यात आहे. मृतांचे खरे नातलग सोबत यायचे थांबतात तेव्हा तो दुसऱ्यांनाच नातलग म्हणून उभे करतो आणि चौकशी पुढे रेटतो. या चित्रपटाची मूळ योजना इमामुरांची होती. पण तेथे एक फरक आहे, आणि तो मला निर्णायक वाटतो. हारांचा चित्रपट उत्तरापर्यंत जातो. त्या सैनिकांचे काय झाले हे वयोवृद्ध अधिकाऱ्यांच्या तोंडून एकेक करून बाहेर पडते. नातलग खोटे होते, पण गोळ्या खऱ्या होत्या, हे चित्रपट विसरत नाही.

काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गाला 'निंगेन जोहात्सु' दाखवला होता. चर्चा अपेक्षेप्रमाणे रंगली. आत्मनिर्देशी कला, निवेदकाची विश्वासार्हता, ब्रेख्तची चौथी भिंत, सगळे येऊन गेले. मीही त्यात रमलो होतो. तास संपत आला तेव्हा मागच्या बाकावरच्या, एरवी फारसे न बोलणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, पण तो सापडला का?" वर्ग हसला. मीही हसलो, हे कबूल केले पाहिजे. तो प्रश्न भाबडा वाटला होता, चित्रपट न कळल्याचे लक्षण वाटला होता. नंतर घरी जाताना लक्षात आले की, तासभराच्या त्या चर्चेत बेपत्ता माणसाची चौकशी करणारी ती एकटीच होती.

तिला मी पुढच्या तासाला शेवटचे दृश्य पुन्हा दाखवले. स्टुडिओतून चित्रपट पुन्हा गल्लीत येतो. कॅमेरे आता लपवलेले नाहीत, चमू रस्त्यात उभा आहे, शेजारीपाजारी जमले आहेत. मासेवाला पुन्हा सांगतो की मी पाहिले. थोरली पुन्हा सांगते की मी नव्हते. बघे आपापले मत देतात. दिग्दर्शक मध्ये उभा आहे आणि त्यालाही ते आता आवरत नाही. चित्रपट संपतो तेव्हा भांडण चालूच असते. ती विद्यार्थिनी पडदा काळा झाल्यावरही थोडा वेळ तिकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे ही सगळी निघून गेल्यावर त्या बाईला याच गल्लीत राहायचं होतं."